प्रोटीन स्वतःच चमकतं, मग ते शोधायला अँटीबॉडी कशाला?

कोरोनाच्या काळात ‘अँटीबॉडी’ हा शब्द घराघरात पोहोचला. परक्या वस्तूला नेमकं ओळखून तिला चिकटणारं प्रोटीन म्हणजे अँटीबॉडी. प्रयोगशाळेत हाच गुण वेगळ्या कामाला येतो.

पेशीत हजारो प्रकारची प्रोटीन असतात. त्यातलं एकच पाहायचं, तर शास्त्रज्ञ त्याच्या जनुकाला ‘जीएफपी’चं जनुक जोडतात. जीएफपी हे मूळचं जेलीफिशमधलं प्रोटीन. निळा प्रकाश पडला की ते हिरवं चमकतं. ओसामू शिमोमुरा, मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना त्यावरच्या कामासाठी २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग चमक दिसत असताना अँटीबॉडी कशाला?

कारण चमकते ती फक्त मागे जोडलेली शेपटी. पेशीने ती मध्येच तोडली, तरी सुटं जीएफपी चमकतच राहतं. संशोधकाला वाटतं आपलं प्रोटीन दिसतंय, आणि निष्कर्ष चुकतो.

हे तपासण्यासाठी ‘वेस्टर्न ब्लॉट’ करतात. पेशीतली प्रोटीन उकळून उलगडतात, जेलमध्ये आकारानुसार वेगळी करतात आणि पातळ पडद्यावर उतरवतात. उकळल्यावर जीएफपीची चमक जाते, पण योग्य अँटीबॉडी त्याला तरीही ओळखते. जीएफपीचं वजन सुमारे २७ किलोडाल्टन असतं. मूळ प्रोटीन ५० चं असेल, तर पट्टी ७७ च्या आसपास दिसायला हवी. ती २७ वरच दिसली, तर समजायचं की शेपटी तुटली आहे.

चमक फार मंद असेल तेव्हाही अँटीबॉडी उपयोगी पडते. जीएफपीला चिकटलेल्या एका अँटीबॉडीवर रंगीत खूण असलेल्या अनेक दुय्यम अँटीबॉडी बसतात आणि संकेत वाढतो.

मात्र चमकणारं प्रत्येक प्रोटीन एकाच अँटीबॉडीने सापडत नाही. पिवळं ‘वायएफपी’ हे जीएफपीचंच बदललेलं रूप, म्हणून जीएफपीच्या बहुतेक अँटीबॉडी त्यालाही ओळखतात. लाल ‘एमचेरी’चं मूळ मात्र प्रवाळातल्या प्रोटीनमध्ये आहे. त्याला वेगळी अँटीबॉडी लागते.

शिवाय जीएफपी नसलेल्या पेशींवरही तीच चाचणी करावी लागते. तिथेही तशीच पट्टी उमटली, तर अँटीबॉडी भलत्याच प्रोटीनला चिकटते आहे. औषधांपासून आजारांपर्यंतचं बरंच संशोधन अशा चाचण्यांवर उभं असतं. म्हणूनच नुसत्या चमकेवर विश्वास ठेवून चालत नाही.