कट्टी, अबोला आणि वाळीत

एखाद्याला मुद्दाम टाळायला मराठीत शब्द किती पाहा! दिसूनही न पाहिल्यासारखं केलं की कानाडोळा, बोलणं थांबवलं की अबोला. ज्याला कुणीच विचारत नाही, त्याला म्हणे हिंग लावूनही विचारत नाहीत!

तुमची कट्टी यांतली सर्वांत धाकटी. मधल्या सुट्टीत होते, शाळा सुटेपर्यंत बट्टीही होते. पण साऱ्या वर्गानं मिळून एकाशीच कट्टी केली, तर ते झालं वाळीत टाकणं. जातपंचायतीनं एखाद्या घराला असं वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हा भांडलात तर कट्टी खुशाल करा. पण तिसऱ्याला 'तूही बोलू नकोस' म्हणू नका. आज डबा खाताना एकटं कोण बसलंय, बघाल ना?