अंबाडी : आधी खुरपणी, मग युरिया



अंबाडी म्हटली की आपल्याला आठवते ती भाजी, नाही तर तुरीच्या कडेनं टाकलेल्या चार ओळी. पण वाखासाठी सबंध पट्टा पेरला असेल, तर बांधावरच्या पिकासारखं तिला सोडून देऊन भागायचं नाही.

वाख निघतो तो खोडाच्या सालीतून. खोड जितकं उंच, सरळ आणि बिनफांद्यांचं, तितका वाख लांब. म्हणून पेरणी दाट, ओळीत एक फूट अंतर ठेवून करावी. पुढं विरळणी करून दोन रोपांत २ ते ३ इंच अंतर राखावं.

खत किती नि केव्हा? पेरणीआधी एकरी ४-५ गाड्या चांगलं कुजलेलं शेणखत पसरावं. मध्यम जमिनीला एकरी १६ किलो नत्र, ८ किलो स्फुरद आणि ८ किलो पालाश पुरतं. म्हणजे साधारण ३५ किलो युरिया, ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १३ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. माती तपासून घेतली असेल तर त्याप्रमाणे कमीजास्त करावं. स्फुरद जमिनीत फारसं हलत नाही, म्हणून सुपर फॉस्फेट आणि पोटॅश सगळं पेरतानाच मुळांजवळ पडेल असं द्यावं. युरिया मात्र तेव्हा निम्माच द्यावा. पावसाच्या पाण्याबरोबर नत्र वाहून आणि झिरपून जातं.

आता खरी गोम इथं आहे. पहिला महिनाभर अंबाडी हळू वाढते. केना, कुर्डू, हराळी, लव्हाळा मात्र झपाट्यानं वर येतात. अशा तणात युरिया फेकला तर पैसे आपले आणि जेवण तणाचं! म्हणून हा क्रम पाळा :

१. पेरणीनंतर ३ आठवड्यांनी, वाफसा येताच कोळपणी आणि खुरपणी. विरळणीही त्याच वेळी.

२. साधारण महिन्यानं, रान स्वच्छ असताना उरलेला निम्मा युरिया ओळीच्या कडेनं द्यावा आणि कोळप्यानं मातीआड करावा. उघडा राहिला तर त्यातलं नत्र हवेत उडून जातं. पाणी साचलेलं असताना किंवा पानं ओली असताना देऊ नये.

३. पाचव्या-सहाव्या आठवड्यात गरज असेल तर आणखी एक खुरपणी. पुढं पिकाची सावलीच तणाला दाबते.

लव्हाळा वरून कापून मरत नाही, गाठीसकट काढावा. आणखी एक जपा. ज्वारी-उसातल्या रुंद पानाच्या तणावर मारायचं टू-फोर-डी अंबाडीला चालत नाही. शेजारी फवारणी असेल तर वाऱ्याची दिशा पाहायला सांगा. तो पंप आपल्या रानात आणूच नका.

मजूर मिळेना म्हणून खुरपणी आठवडा लांबली, तर युरियाही लांबवा. रान आधी निर्मळ, मग खत, एवढं ध्यानात ठेवलंत तरी खर्च वाया जायचा नाही.