कॉर्डमधला कोणता स्वर पुढे यावा?

पियानोच्या स्वरलेखनातील ‘पी’ म्हणजे हलके आणि ‘एफ’ म्हणजे जोरात, एवढ्यावर नादाचा लहानमोठेपणा संपतो असे अनेक शिकाऊ वादक धरून चालतात. या खुणा सापेक्ष असतात. शोपँचा ई मायनर प्रील्यूड (ओपस 28, क्रमांक 4, प्रकाशन 1839) ‘पी’ने सुरू होतो, मध्यानंतर ‘एफ’ला चढतो आणि ‘पीपी’त संपतो. सुरुवातच अगदी दबकी केली, तर शेवटच्या तीन कॉर्डना खाली उतरायला जागा उरत नाही.

कॉर्डमधले सगळे स्वर सारख्याच जोराने वाजावेत, हा समज अधिक चिवट आहे. या प्रील्यूडमध्ये डावा हात एकसारखे कॉर्ड वाजवतो. उजव्या हाताची चाल एकेरी, लांब स्वरांची. पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून विरू लागतो. म्हणून चालीचा स्वर सुरुवातीलाच भरीव हवा आणि कॉर्ड त्याच्या विरत्या नादाखाली राहतील इतके हलके. कॉर्डच्या आतही निवड करावी लागते. बहुतेक वेळा त्यातला एखादाच स्वर अर्ध्या स्वराने खाली सरकतो, बाकीचे जागीच असतात. सरकणारा स्वर किंचित पुढे आणला की तीच कंटाळवाणी वाटणारी साथ चालू लागते.

पट्टी तळाशी रेटत राहिल्याने नाद वाढतो, हेही खरे नाही. हातोडी तारेवर आदळण्याआधीच पट्टीपासून सुटते. जोर ठरतो तो तिच्या वेगावर.

चाल उठावी म्हणून वरचा स्वर मुद्दाम आधी वाजवावा, असा सल्ला ऐकू येतो. व्हिएन्नात झालेल्या, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चालीचा स्वर सुमारे 30 मिलिसेकंद आधी वाजल्याचे आढळले खरे. पण बोटे पट्ट्यांना जवळजवळ एकाच वेळी लागत होती. जोरात दाबलेल्या पट्टीची हातोडी लवकर पोचते, इतकेच.

आधी स्वर पाठ करावेत, चढउतार नंतर भरावेत, ही पद्धत तर उलट महागात पडते, कारण सपाट वाजवण्याचीच सवय हाताला लागते. पहिल्या दिवसापासून एकच कॉर्ड घेऊन हवा तो स्वर दाबून धरावा, बाकीचे तोडून, अगदी हलके वाजवावेत. मग सगळे धरून तोच फरक टिकतो का ते ऐकावे. उजव्या हातात वरचा स्वर बहुधा करंगळीवर येतो. तिथे बोट आपटण्यापेक्षा हाताचा भार तिकडे झुकवणे सोपे जाते.