एक जेवण – बसून आणि गरम!

मैत्रिणींनो, आज एक प्रश्न विचारते. रागावू नका. तव्यावरून उतरलेली पोळी, तिच्यातली वाफ जायच्या आत, तूप लावून, नीट मांडी घालून तुम्ही शेवटची कधी खाल्लीत? आठवा बरं! मला तर आठवेना. सगळ्यांची पानं वाढून झाली की आपण बसतो, तेव्हा पोळी गार, भाजी कोमट आणि आमटी तळाशी. त्याचं आपल्याला काही वाटतही नाही. मलाही वाटत नव्हतं. ते वाटलं कुठं, तर हजारो मैल दूर, टोकियोतल्या एका हॉटेलात!

माझी धाकटी बहीण गेली काही वर्षं टोकियोत असते. तिथल्या निशिकासाई भागात बरीच भारतीय कुटुंबं आहेत, त्यामुळे तिला तूरडाळ आणि कणीकसुद्धा घराजवळ मिळते. शाळेला मेची सुट्टी लागल्यावर मी पंधरा दिवस तिच्याकडे गेले होते. सवयीप्रमाणे दुसऱ्याच दिवशी तिचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. चार दिवस तिनं सहन केलं, मग म्हणाली, "ताई, शनिवारी संध्याकाळी तू फक्त माझ्याबरोबर यायचंस. काही करायचं नाही, काही उचलायचं नाही. नुसतं बसायचं."

नुसतं बसायचं! मैत्रिणींनो, हे किती कठीण असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आठ खुर्च्यांचं हॉटेल

कागुराझाका हा टोकियोतला जुना भाग. चढाचा रस्ता, बाजूला दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या. त्यातल्या एका गल्लीत आमचं हॉटेल होतं. बाहेर पाटी इतकी लहान, की मी एकटी असते तर चार वेळा समोरून गेले असते. आत लाकडाचा एकच लांब ओटा आणि त्याच्यापुढे आठ खुर्च्या. ओट्यापलीकडे आचारी आणि त्याचा एक तरुण मदतनीस. चिरणं, भाजणं, शिजवणं सगळं आपल्या डोळ्यांसमोर. अशा हॉटेलांना तिकडे 'कप्पो' म्हणतात. कापणं आणि शिजवणं, एवढाच त्याचा शब्दशः अर्थ.

पदार्थांची यादी समोर आलीच नाही. 'ओमाकासे', म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं', असं म्हणायचं आणि स्वस्थ बसायचं. आचारी त्या दिवशीच्या बाजारातलं चांगलं निवडून एकेक लहानसा पदार्थ आपल्यापुढे ठेवत जातो. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहाविधीच्या आचार्यांनी चहाआधीचं जेवण अगदी साधं, मोजकं आणि ऋतूला धरून असावं अशी रीत घालून दिली. आजच्या उंची जेवणावळींतही तिची छाप दिसते. जपानी आहारपरंपरेला युनेस्कोनं २०१३ साली सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली, ती उगीच नव्हे.

आता शाकाहाराचं. तिकडे जाणाऱ्या शाकाहारी मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. तिकडच्या बहुतेक पदार्थांचा पाया म्हणजे 'दाशी' नावाचं पाणी. ते कोंबू या समुद्रवनस्पतीपासून आणि कात्सुओ नावाच्या माशापासून करतात. हा मासा शिजवून, धुरावून, वाळवून त्याचा लाकडासारखा ठोकळा करतात आणि सुताराच्या रंध्यासारख्या हत्यारावर त्याचा कीस पाडतात. म्हणजे दिसायला नुसती भाजी असली तरी तिच्यात मासा असतोच! बहिणीनं आठवडाभर आधी फोन करून सगळं समजावलं होतं. तशी हॉटेलं आधी जागा राखल्याशिवाय घेत नाहीत, आणि आयत्या वेळी 'हे चालत नाही' म्हटलं तर बिचाऱ्यांची पंचाईत होते. माझ्यासाठी कोंबू आणि वाळवलेल्या शिताके अळंब्या भिजवून वेगळी दाशी केली होती. त्यांच्या देवळांतून भिक्षूंसाठी पूर्वापार शाकाहारी स्वयंपाक होतो, त्यामुळे आचाऱ्याला ते नवीन नव्हतं.

एकामागून एक

आधी हात पुसायला गरम, ओला टुवाल आला. मग एका खोलगट वाटीत, पेढ्याएवढी पांढरट वडी. तीळ वाटून त्यांचं दूध काढायचं आणि कुझू नावाच्या वेलाच्या मुळाचं सत्त्व घालून घोटायचं, अशी ती तिळाची वडी. आपण आरारूट घोटतो ना, तसंच. वर थेंबभर सोया सॉस आणि हरभऱ्याएवढा वासाबी. तो मी एकदम तोंडात टाकला आणि नाकातून असा झणका गेला, की डोळ्यांत पाणीच आलं!

मनात म्हटलं, एवढंच? आपल्याकडे एवढं तर चटणी म्हणून वाढतात!

मग झाकणाच्या लाखी वाडग्यात सूप आलं. झाकण निघेना. बहिणीनं दाखवलं, वाडग्याच्या कडा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायच्या, की आत हवा शिरून झाकण सुटतं. झाकण उचललं आणि तो वास! फोडणी नाही, मसाला नाही, तरी चव भरलेली. १९०८ साली इकेदा या टोकियोच्या प्राध्यापकांनी कोंबूतली हीच चव शोधून तिला 'उमामी' असं नाव दिलं. गोड, आंबट, खारट, कडू यांहून ती निराळी.

पुढं सोयाबीनच्या दुधावर धरलेली साय, घडी घालून. मग अर्धं चिरून भाजलेलं वांगं, त्यावर गोडसर मिसो. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला लगदा. आपल्या भरताशी त्याचं नातं लावायचा मी प्रयत्न केला, पण वांग्याखेरीज काही जुळेना. मग तेंपुरा, म्हणजे त्यांची भजी. हे तळणं जपानात पोर्तुगीजांबरोबर आलं असं मानतात. पोर्तुगीज १५४३ साली तिकडे पोचले, तेव्हा गोव्यात त्यांचं राज्य होतंच. १५४९ साली जपानला गेलेले फ्रान्सिस झेवियरही गोव्याहूनच निघाले होते. आमच्या पुढ्यात कमळकाकडी, अळंबी आणि शिसो नावाचं सुगंधी पान तळून आलं, एका वेळी एकच भजं! कढईतून काढून सरळ माझ्या ताटलीत. पीठ बर्फाच्या पाण्यात भिजवतात आणि फार ढवळत नाहीत, म्हणून ते कागदासारखं हलकं राहतं. ही युक्ती मी लगेच मनात टिपून ठेवली.

आणि तिथंच घोटाळा झाला. भजं समोर आलं आणि मी बहिणीची ताटली भरायची वाट बघत हात आवरून बसले. आचारी थबकला. त्याला वाटलं, मला आवडलं नाही! बहीण हळूच म्हणाली, "ताई, खा ना. तू थांबलीस तर ते गार होईल. त्यानं ते तुझ्यासाठी आत्ता काढलंय."

'तुझ्यासाठी आत्ता.' माझ्या घशाशी काहीतरी दाटून आलं. म्हटलं, वासाबीच असेल. पण वासाबी नव्हता. मला आमची आई आठवली. चुलीपुढं बसून आम्हा भावंडांना गरम पोळ्या वाढणारी आणि शेवटी दुपारची शिळी भाकरी दुधात कुस्करून खाणारी. बहिणीलाही तीच आठवली असावी. म्हणाली, "आईला इथं आणून बसवायला हवं होतं गं. आता तिच्या गुडघ्यांना झेपायचं नाही."

शेवटी भात. जपानी जेवणात भात, मिसोचं सूप आणि लोणची शेवटी येतात. आमच्यासाठी मटारभात होता. मे महिना, ताजे मटार, म्हणून मटारभात. त्यात मीठ आणि मटार याखेरीज काही दिसेना, पण गोडी काय सांगू! खाताना मध्येच काड्या भातात उभ्या खोचून मी पाणी प्यायला गेले. बहिणीनं चटकन त्या काढून आडव्या ठेवल्या. भातात उभ्या काड्या फक्त मृताच्या पानात खोचतात. काडीवरून काडीवर घासही द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. चूक माझी होती, पण आचाऱ्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं. पाहुण्याचा मान असाही राखता येतो!

सगळं मिळून नऊ पदार्थ झाले, अडीच तास गेले. 'एवढंच?' म्हणणारी मी तृप्त झाले होते आणि जडही वाटत नव्हतं. पोटाचे दहातले आठ भाग भरले की थांबावं, अशी त्यांच्यात म्हण आहे. पोटाचा एक कोपरा रिकामा ठेवावा असं आपल्याकडेही सांगतात. सांगतात, आणि मग जिलबीचा आग्रह करतात!

धावपळीला नमस्कार

उठताना बहिणीनं हात जोडले आणि म्हणाली, "गोचिसोसामा देशिता." जेवण झाल्यावर सगळे जपानी हे म्हणतात. आपल्या 'अन्नदाता सुखी भव'सारखंच. मी अर्थ विचारला. त्यातला 'चिसो' म्हणजे मुळात धावपळ! पाहुण्यासाठी जिन्नस गोळा करायला जी धावाधाव करावी लागते, ती. पुढे त्याच शब्दाचा अर्थ मेजवानी असा झाला. म्हणजे जेवणारा म्हणतो, 'तुमच्या धावपळीला नमस्कार.'

मी ओट्यापलीकडे पाहिलं. अडीच तास ते दोघे उभेच होते. पोऱ्या तर एकदाही टेकला नव्हता. मैत्रिणींनो, मी तिथं बसून गरम खाल्लं, कारण कुणीतरी उभं राहिलं होतं. हे जगात सगळीकडे असंच आहे, नाही का? कुणीतरी उभं राहिल्याशिवाय दुसऱ्याला बसून गरम खाता येत नाही. फरक एवढाच, की तिथं उभं राहणाऱ्याची मेहनत डोळ्यांसमोर असते, तिचा मोबदला मिळतो आणि निघताना हात जोडले जातात. आपल्याकडे स्वयंपाकघराचं दार आड असतं.

बिल माणशी बारा हजार येन आणि वर दहा टक्के कर, म्हणजे आपले साडेसात हजारांच्या आसपास. बक्षिसी द्यायची पद्धत तिकडे नाही, दिली तर उलट अवघडतात. आकडा ऐकून माझ्या छातीत धस्स झालं. एवढ्यात महिन्याचा किराणा येतो! दर महिन्याला जावं असं ते ठिकाण नव्हेच. पण जे तिथं शिकले त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

घरी आल्यावर

परत आल्यावर मी एक नियम केला. रविवारी रात्री मोजकाच स्वयंपाक, तीन-चार पदार्थ, लहान वाट्यांत, आणि मी सगळ्यांबरोबर बसणार. शेवटच्या चार पोळ्या 'हे' लाटतात. पहिल्या रविवारी त्या पोळ्यांमध्ये आम्हाला श्रीलंकेचा नकाशा सापडला, पण ती पोळी गरम होती आणि माझ्या पानात होती! मुलगा जेवून उठताना मोठ्यानं 'गोचिसोसामा' म्हणतो. आधी चेष्टेनं म्हणायचा, आता सवयीनं म्हणतो. मला दोन्ही चालतं.

सासूबाई मात्र अजून बसत नाहीत. "तुम्ही बसा, मी मागाहून बसते," म्हणतात. पन्नास वर्षांची सवय एका रविवारी कशी मोडेल? पण गेल्या खेपेला तव्यावरची पहिली पोळी मी त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी ती ओट्यापाशी उभ्या उभ्या का होईना, गरम खाल्ली. "बरी झालीय गं," म्हणाल्या. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

त्या रविवारसाठी एक सोपा जपानी पदार्थही देते. तिळातला पालक: पालकाची एक जुडी स्वच्छ धुऊन उकळत्या मिठाच्या पाण्यात मिनिटभर टाकावी. लगेच गार पाण्यात काढून घट्ट पिळावी आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. तीन मोठे चमचे तीळ खमंग भाजून खलबत्त्यात जाडसर कुटावेत. त्यात एक चमचा साखर आणि दीड चमचा सोया सॉस घालून पालक कालवावा. पालक नीट पिळला नाही तर पाणी सुटतं, आणि कालवायचा तो वाढायच्या वेळीच. सोया सॉस मुळात खारट असतो, म्हणून वेगळं मीठ घालू नये. आपल्या कोशिंबिरीच्या जागी हा छान शोभतो.

करून पाहा. आणि मैत्रिणींनो, केल्यावर पहिली वाटी स्वतःच्या पानात वाढून घ्या. सगळ्यांबरोबर बसा. उरलेली पोळी कोण लाटणार, तो प्रश्न एक दिवस दुसऱ्या कुणालातरी पडू दे!