पाटणकरांचा हौद

नांदेडच्या उन्हाळ्यात रेनॉल्ड्सचा प्रयोग लवकर बिघडतो. काचेच्या नळीतून पाणी संथ सोडायचं, मधोमध बारीक सुईतून पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा धागा सोडायचा आणि तोटी हळूहळू उघडत जायची. धागा आधी ताठ असतो. मग थरथरतो. मग एकदम विस्कटतो आणि सगळी नळी गुलाबी होते. अडीच सेंटिमीटरच्या नळीत, पाणी २० अंशांवर असेल आणि प्रवाह कधी विस्कटतो ते सांगणारा रेनॉल्ड्स अंक २००० धरला, तर हे सेकंदाला ८ सेंटिमीटर वेगाच्या आसपास व्हायला हवं. पण मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच ३५ अंशांना टेकलेलं असतं. त्याचा चिकटपणा पाव हिश्शाहून जास्त उतरतो, आणि तोच हिशोब सहाच्याही खाली येतो. पोरं मात्र जर्नलमध्ये ८ लिहून मोकळी, कारण मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये ८च असतात.

ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं हा प्रयोग १८८३ साली मँचेस्टरहून जगापुढं मांडला. त्या विस्कटलेल्या धाग्याचं, म्हणजे टर्ब्युलन्सचं, गणित आजही कुणाला पुरतं सुटलेलं नाही. ते सुटेपर्यंत पंप, बॉयलर, टर्बाइन थांबून राहणार नव्हते. म्हणून न सुटलेल्या गणितासकट काम चालवायची जी वाट निघाली, ती घालून देणाऱ्यांत एक माणूस पुण्याचा होता. तीस वर्षं फ्लुइड मेकॅनिक्स शिकवून निवृत्त झालो, तेव्हा लक्षात आलं की माझ्या वर्गात न्यूटनच्या खालोखाल नाव घेतलं गेलं ते सुहास पाटणकरांचं.

जन्म १९४१. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९६२ला मेकॅनिकलची पदवी, १९६४ला मुंबईच्या आयआयटीतून एम.टेक., १९६७ला लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून पीएच.डी. तिथं मार्गदर्शक होते ब्रायन स्पाल्डिंग. पुढं अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापकी. एवढ्यात बायोडेटा संपतो. खरी गोष्ट १९७२च्या एका शोधनिबंधात आहे. पाटणकर आणि स्पाल्डिंग या दोघांच्या नावावरचा हा निबंध तीन मितींतल्या प्रवाहांची आकडेमोड कशी करायची ते सांगतो. त्यातली रीत पुढं ‘सिम्पल’ या नावानं जगभर गेली. नाव इंग्रजी आद्याक्षरांचं आहे, पण ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती हे नक्की.

अडचण अशी होती. पाण्याचा वेग काढायचा तर दाब माहीत हवा, आणि दाबाला स्वतःचं असं समीकरणच नाही. मग करायचं काय, तर दाब अंदाजानं धरायचा. त्या अंदाजावर सगळीकडचे वेग काढायचे. प्रवाहाची जागा छोट्या छोट्या चौकटींत वाटलेली असते; प्रत्येक चौकटीत आत किती आलं, बाहेर किती गेलं, ते तपासायचं. अंदाज चुकीचा असल्यामुळं हिशोब जुळतच नाही. कुठं पाणी उरतं, कुठं कमी पडतं. त्या तुटीवरूनच दाबात किती दुरुस्ती हवी ते काढायचं, दुरुस्ती करायची आणि पुन्हा पहिल्यापासून. दुरुस्ती सगळीच्या सगळी एकदम लावली की गणित बैलासारखं उधळतं, म्हणून थोडी थोडी लावायची.

हे मी फळ्यावर बरीच वर्षं कोरडंच शिकवलं. मग एप्रिल २०१६मध्ये, दुष्काळात, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. वर्गात लातूरची सात-आठ पोरं होती. घरात किती ड्रम, किती दिवसांनी भरतात, किती जणांत पुरवायचे, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्या आठवड्यात आवक-जावक समजावायला मला तोंड उघडावं लागलं नाही.

ही रीत सांगणारं पाटणकरांचं पुस्तक आलं १९८०ला. नांदेडच्या विष्णुपुरीचं श्री गुरू गोबिंदसिंहजी इंजिनिअरिंग कॉलेज १९८१चं, आणि पाठोपाठ लातूरलाही कॉलेजं उघडली; म्हणजे पुस्तक आणि इथलं इंजिनिअरिंगचं शिक्षण बरोबरीचेच. तरी माझ्यापर्यंत ते पोचलं झेरॉक्सच्या रूपात, समासातली अक्षरं कापलेली. दोनशे पानांच्या आतबाहेरचं पुस्तक. गणिताचा धाक दाखवायची हौस त्यात कुठंच नाही. चार साधे नियम दिलेत, आणि त्यातला पहिला तर किराणा दुकानदारालाही पटेल: एका चौकटीतून जेवढं बाहेर गेलं, तेवढंच शेजारच्या चौकटीत जमा झालं पाहिजे.

त्यातलं हौदांचं चित्र मला अजून आवडतं. एकापुढं एक हौद, मध्ये आखूड नळ्या, प्रत्येक हौदातलं पाणी ढवळलेलं. नळीतल्या पाण्याचं तापमान किती धरायचं? दोन्ही हौदांची सरासरी, असं सरळ डोकं सांगतं. पण पाणी जोरात वाहत असेल तर ते मागच्या हौदातून आलंय. पुढचा हौद गरम आहे की गार, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. तेव्हा तापमान मागच्याचंच. सरासरी धरून ज्यांचे आकडे वेडेवाकडे नाचत होते, त्यांना एवढ्यानं उतारा मिळाला. या उताऱ्याचीही किंमत आहे. चित्र फासल्यासारखं होतं, बारीक भोवरे पुसले जातात. पुस्तकात पाटणकर या दोषाबद्दल मोकळेपणानं बोलतात.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पोरं ती हमखास विसरतात. ‘सिम्पल’नं टर्ब्युलन्स सुटत नाही. भोवऱ्यांचा भार उचलायला वेगळं मॉडेल लागतं. त्यातलं सर्वांत वापरातलं, के-एप्सिलॉन, लाँडर आणि स्पाल्डिंग यांनी १९७४ला जवळजवळ आजच्या रूपात मांडलं. त्यात पाच स्थिरांक आहेत, ०.०९ पासून १.९२ पर्यंत. ते निसर्गानं दिलेले नाहीत; प्रयोगांशी जुळवून बसवलेत. साध्या प्रवाहांत चालतात, वळणावर आणि गरगर फिरणाऱ्या प्रवाहात दगा देतात. आता सॉफ्टवेअरच्या मेन्यूत ‘सिम्पल’ हा शब्द दिसतो, पाच आकडे आधीच भरलेले असतात, बटण दाबलं की लाल-निळं चित्र येतं. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत मी विचारायचो, ‘हे पाच कुठून आले?’ उत्तर यायचं, ‘डिफॉल्ट आहेत, सर.’

पाटणकर स्वतः पुढं डेटा सेंटरकडं वळले. सर्व्हरच्या खोल्यांत उचललेल्या फरशीखालून गार हवा सोडतात. भोकं पाडलेल्या कुठल्या लादीतून किती हवा वर येईल, हा त्यांचा विषय झाला. दाबाचीच जुनी भानगड, फक्त पाण्याच्या जागी हवा. २००८ला त्यांना उष्णता-संक्रमणातलं मॅक्स जेकब पारितोषिक मिळालं, आणि त्यानंतर २०१०ला छापलेला त्यांचा लेखही याच लाद्यांवर होता.

माझ्या शेवटच्या वर्षी औश्याकडच्या एका मुलीनं प्रयोगाआधी टाकीत थर्मामीटर बुडवला. ३५ अंश. जर्नलमध्ये तिनं ५.८ लिहिलं आणि खाली पाण्याचं तापमान नोंदवलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर लाल रेघ मारून बाजूला ८ लिहिलं. मी मध्ये पडलो, थोडी बाचाबाची झाली, मार्क परत मिळाले. ते जर्नल मी तिच्याकडून मागून घेतलं. पाटणकरांच्या झेरॉक्सशेजारीच ठेवलंय.