एकच सूत्र, निराळी रचना

रेणुसूत्र एकच, परंतु अणूंची जोडणी निराळी, अशा संयुगांना संरचना समघटक म्हणतात. मिथेन, इथेन व प्रोपेन यांना समघटक नाहीत. ब्यूटेनची दोन, पेन्टेनची तीन, तर हेक्झेनची पाच रूपे आहेत. १९६५ साली कोयली येथे तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाल्यापासून ही हायड्रोकार्बने वडोदरेकरांच्या शेजारीच नांदत आहेत.

सरळ शृंखलेचे एन-हेक्झेन ६९ अंश सेल्सिअसला उकळते. शाखायुक्त २,२-डायमिथिलब्यूटेन ५० अंशांलाच. आपणा वैद्यकांस मात्र निराळाच भेद महत्त्वाचा. शरीरात, मुख्यत्वे यकृतात, एन-हेक्झेनच्या दुसऱ्या व पाचव्या कार्बनाचे ऑक्सिडीकरण होऊन २,५-हेक्झेनडायोन बनते. ते मज्जातंतूंतील प्रथिनांना जखडते आणि पावलांपासून बधिरता व दुर्बलता वर चढू लागते. शाखायुक्त समघटकांपासून हे द्रव्य बनू शकत नाही.

म्हणून चिकटद्रव्ये वा विद्रावके हाताळणाऱ्या रुग्णाच्या पायांत मुंग्या येत असतील, तर मधुमेह व ब-१२ जीवनसत्त्व यांच्या तपासणीबरोबरच व्यवसायाचीही चौकशी करावी. संपर्क थांबल्यावरही काही आठवडे लक्षणे वाढत राहू शकतात. विलंब रुग्णास महागात पडतो.