जुना लॅपटॉप, घरचा क्लाउड

फोनची मेमरी फुल्ल, फुकटचे १५ जीबी संपलेले आणि कॉलेजचा आयडी फायनल इयरनंतर बंद होणार. मग फोटो, प्रोजेक्ट्स आणि व्हिडीओ ठेवायचे कुठे? कपाटात पडून असलेला जुना लॅपटॉप हे काम करू शकतो. फक्त त्याआधी थोडं गणित आणि बरीचशी जबाबदारी समजून घ्यायला हवी.

‘स्टोरेज ऑलमोस्ट फुल’ हा मेसेज मित्रांच्या मेसेजपेक्षाही नियमित येतो. मग डिलीट मोहीम सुरू होते. आधी गुड मॉर्निंगचे फॉरवर्ड, मग स्क्रीनशॉट, मग राजगड ट्रेकचे चाळीस फोटो, ज्यातले एकोणचाळीस सारखेच दिसतात. आठवड्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

याला कारण आहे. गूगल फोटोजवरची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ला बंद झाली. तेव्हापासून जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांना मिळून १५ जीबी. कॉलेजच्या आयडीवर ढिगाने जागा मिळायची, तेही दिवस सरले. २०२२मध्ये गूगलने शैक्षणिक संस्थांची अमर्याद जागा बंद केली आणि अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी ठरवून दिले. दहा हजार अकाउंट्स असलेल्या कॉलेजात भागाकार करून बघा, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १० जीबी. त्यात अनेक कॉलेजं शिक्षण संपलं की आयडीच बंद करतात. आणि साधं गूगल अकाउंट सलग दोन वर्षं वापरलं नाही, तर ते पुसून टाकता येईल असा नियम डिसेंबर २०२३पासून लागू आहे. आजोबांच्या जुन्या फोनमधले फोटो अशाच एखाद्या विसरलेल्या अकाउंटवर पडून असतील तर?

जागा त्यांची, तर नियमही त्यांचेच. म्हणूनच जगभरातली बरीच हौशी मंडळी आता घरच्या घरी सर्व्हर चालवू लागली आहेत.

सर्व्हर म्हणजे एवढं काय असतं?

सर्व्हर म्हटलं की एसी रूम आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांची कपाटं डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात सर्व्हर म्हणजे सतत चालू असलेला आणि दुसऱ्या कॉम्प्युटरने मागितलं ते देणारा कॉम्प्युटर. मेसच्या काउंटरवरच्या काकांसारखा. तुमचा फोन फोटो मागतो, टीव्ही सिनेमा मागतो, ताईचा लॅपटॉप फाइल मागतो आणि हा ज्याला जे हवं ते वाढतो.

यातली गंमत अशी, की घरातल्या घरात हे सगळं चालायला इंटरनेट लागतच नाही. फोन, टीव्ही आणि सर्व्हर एकाच वायफाय राउटरला जोडलेले असले की झालं. पावसात ब्रॉडबँडची केबल तुटली तरी हॉलमधला सिनेमा चालू राहतो आणि महिन्याच्या डेटा प्लॅनमधला एक एमबीही खर्च होत नाही.

विजेचं बिल किती येईल?

घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, त्यामुळे उत्तर तयार ठेवा. जुना डेस्कटॉप नुसता बसून ६० वॅट खात असेल, तर महिन्याला ४३ युनिट होतात. जुना लॅपटॉप स्क्रीन बंद ठेवून साधारण १५ वॅटवर चालतो, म्हणजे महिन्याला जवळपास ११ युनिट. युनिटमागे दहा रुपये धरले तरी खर्च सव्वाशेच्या आत. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर ५ वॅटच्या आसपास भागवतो, म्हणजे चारपेक्षा कमी युनिट. पण तो विकत घ्यावा लागतो आणि लॅपटॉप तर कपाटात आहेच.

लॅपटॉपचा आणखी एक फायदा म्हणजे त्याची बॅटरी. लाइट गेली की डेस्कटॉप धाडकन बंद पडतो आणि लिहिली जात असलेली फाइल खराब होऊ शकते. लॅपटॉपमध्ये यूपीएस आयताच मिळतो. म्हणून डिस्क निवडताना २.५ इंची पोर्टेबल घ्या. ती यूएसबीवरच चालते, त्यामुळे लाइट गेल्यावर लॅपटॉपची बॅटरी तिलाही सांभाळते. मोठ्या ३.५ इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो आणि तो लाइटबरोबरच झोपतो. एक मात्र नीट तपासा. बॅटरी फुगलेली दिसली, तर ती लगेच काढून टाकायची. चोवीस तास चार्जिंगला असलेल्या मशीनमध्ये फुगलेली बॅटरी म्हणजे आगीला आमंत्रण. बायोसमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा.

स्क्रीन फुटलेली, कीबोर्डची चार बटणं गेलेली, काही हरकत नाही. ६४ बिटचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असली की सुरुवात होते.

एका वीकएंडचं काम

लॅपटॉपमधलं जे काही जपायचं आहे ते आधी बाहेर काढून घ्या, कारण नवीन सिस्टिम टाकताना डिस्क पूर्ण पुसली जाते. मग ‘ओपन मीडिया व्हॉल्ट’ ही फुकट सिस्टिम पेन ड्राइव्हवर उतरवून लॅपटॉपमध्ये टाका. ती डेबियन लिनक्सवर उभी आहे, पण नेहमीचं जवळपास सगळं काम ब्राउझरमधून करता येतं. लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर सिस्टिम राहील आणि तुमच्या फाइल्स बाहेरच्या यूएसबी डिस्कवर. पहिल्यांदा आत शिरल्यावर सगळ्यात आधी पासवर्ड बदला, कारण सुरुवातीचा पासवर्ड सगळ्या जगाला माहीत असतो.

यानंतर दोन बारीक कामं असतात आणि नवखे बऱ्याचदा तिथेच अडकतात. पहिलं, लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपी जातो. ‘लॉगिनडी डॉट कॉन्फ’ नावाच्या फाइलमध्ये ‘हँडल लिड स्विच’ ही ओळ ‘इग्नोअर’ अशी केली की तो जागा राहतो. दुसरं, राउटर प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो आणि तो बदलू शकतो. आज १९२.१६८.१.५० असलेला सर्व्हर उद्या ५७ नंबरवर गेला, तर टीव्हीला तो सापडणार कसा? राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ करून त्याचा पत्ता कायमचा ठरवून टाका.

आता फोल्डर शेअर करायचं. हे काम ‘सांबा’ करतं. या सॉफ्टवेअरचं मूळ १९९२चं. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने विद्यार्थी असतानाच त्याची सुरुवात केली होती. सांबामुळे सर्व्हरवरचं फोल्डर विंडोजच्या लॅपटॉपवर साध्या ड्राइव्हसारखं दिसतं. फायनल इयरचा प्रोजेक्ट, शॉर्ट फिल्मचं फुटेज, आर्किटेक्चरची ड्रॉइंग्ज, सगळं तिथे टाका.

फोटोंसाठी ‘इमिच’ हे अॅप आहे. फोन घरी आला, वायफाय मिळालं, की नवे फोटो आपोआप सर्व्हरवर जातात. चेहरे ओळखणं, तारखेप्रमाणे लावणं, सगळं जमतं. मात्र त्याला ८ जीबी रॅम असलेली बरी. मूळ फाइल जपली जाते हे इथे महत्त्वाचं. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो बारीक होऊन पोचतो. लग्नाचे फोटो फक्त फॅमिली ग्रुपवरच उरले असतील, तर त्यांची मोठी प्रिंट काढताना ते कळतं.

सिनेमा अडकतो कुठे?

सिनेमा आणि गाण्यांसाठी ‘जेलीफिन’ वापरतात. आधी ‘एम्बी’ नावाचा प्रकल्प होता. त्याने आपला कोड बंद केला, तेव्हा काही जणांनी २०१८च्या डिसेंबरमध्ये जुना खुला कोड घेऊन जेलीफिन सुरू केलं. टीव्हीवर, फोनवर त्याचं अॅप टाकलं, की पोस्टरसकट तुमची स्वतःची लायब्ररी समोर येते.

व्हिडीओ अडखळू लागला की आपण वायफायला शिव्या घालतो. पण नेहमीच्या फुल एचडी फाइलला सेकंदाला ८-१० मेगाबिट पुरतात आणि तेवढं साधं वायफायही देतं. खरी अडचण बहुतेक वेळा फॉरमॅटची असते. टीव्हीला फाइलचा फॉरमॅट समजला, तर सर्व्हर ती फक्त पुढे ढकलतो. याला डायरेक्ट प्ले म्हणतात. समजला नाही, तर सर्व्हरला पळता पळता भाषांतर करावं लागतं, म्हणजे ट्रान्सकोडिंग. त्यात जुना प्रोसेसर घामाघूम होतो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये यासाठी ‘क्विक सिंक’ नावाची वेगळी सोय २०११पासून आहे, पण नव्या १०-बिट एचईव्हीसी फाइल्ससाठी सातव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा. तो नसेल तर फाइल्स आधीच एच.२६४मध्ये बदलून ठेवा. रात्रभर लागेल, पण काम एकदाच.

राउटरपासून सर्व्हरपर्यंत शक्यतो केबल टाका आणि तिचा वेग बघा. ५० जीबी फुटेज १०० मेगाबिटच्या जोडणीवर जायला तासाच्या वर लागतो. तेच गिगाबिटवर आठ-दहा मिनिटांत होतं.

आणि लायब्ररीत ठेवायचं काय? टेलिग्रामवरून उतरवलेला कालचा पिक्चर ही चोरीच, मग तो घरच्या डिस्कवर असला तरी. पण आपल्याकडे आपलं असं खूप काही असतं. एकांकिकेच्या तालमींची रेकॉर्डिंग्ज, गॅदरिंग, आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएसवरून सीडीवर केलेली कॅसेट, आजीने सांगितलेल्या गोष्टी. हे कुठल्याच ओटीटीवर मिळणार नाही.

घर साताऱ्याला, हॉस्टेल पुण्यात

घरच्या सर्व्हरला बाहेरून कसं गाठायचं, हा हॉस्टेलवाल्यांचा प्रश्न. पूर्वी राउटरमध्ये पोर्ट उघडायचे. आता बऱ्याच कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. अख्ख्या सोसायटीला एकच पत्ता आणि फ्लॅट नंबरच नाही, असा प्रकार. पोस्टमन तुमच्या दारापर्यंत पोचणार कसा?

तसंही पोर्ट उघडून ठेवणं म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपणं. जून २०२१मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या घरगुती स्टोरेज यंत्रांमधला डेटा इंटरनेटवरूनच परस्पर पुसला गेला. त्या यंत्रांना २०१५पासून अपडेट्स मिळत नव्हते. लोकांची वर्षानुवर्षांची साठवण एका दिवसात गेली.

सोपा आणि सुरक्षित मार्ग म्हणजे ‘टेलस्केल’. सर्व्हरवर आणि फोनवर ते टाकून एकाच अकाउंटने आत शिरलं, की दोघांमध्ये कुलूपबंद खासगी बोगदा तयार होतो. घरगुती वापराला ते फुकट आहे. मात्र बाहेरून सिनेमा बघताना घरच्या कनेक्शनचा अपलोड वेग कामी येतो, डाउनलोड नाही. प्लॅनमध्ये तो आकडा बघून घ्या.

‘टॉय स्टोरी २’चा धडा

१९९८मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना कोणीतरी सर्व्हरवर चुकून डिलीटची कमांड चालवली. बघता बघता सिनेमाचा बहुतांश भाग गायब झाला. बॅकअप होता, पण तो नीट चालतच नव्हता आणि हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. वाचवलं कोणी? गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेच्या घरच्या कॉम्प्युटरने. बाळ झाल्यामुळे त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्याकडे सिनेमाची प्रत होती.

एवढ्या मोठ्या स्टुडिओचं हे झालं, तर आपलं काय? सर्व्हरवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला, हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारं ‘रेड’ही बॅकअप नव्हे. एका डिस्कवर चुकून डिलीट केलं, की दुसरीवरूनही त्याच क्षणी जातं. फोटोग्राफर मंडळींमध्ये रुळलेला ३-२-१ नियम लक्षात ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

घराबाहेरची प्रत म्हणजे आणखी काही खर्चिक नाही. एक पोर्टेबल डिस्क मामाकडे किंवा मावशीकडे ठेवायची. गणपतीला, दिवाळीला जाणं होतंच. जाताना ताजी डिस्क न्यायची, जुनी परत आणायची. ‘रेस्टिक’सारख्या सॉफ्टवेअरने बॅकअप घेतला, तर तो पासवर्डशिवाय कोणाला उघडता येत नाही. आणि तीन महिन्यांतून एकदा त्यातली एखादी फाइल खरंच परत काढून बघायची. पिक्सारचं नेमकं तिथेच चुकलं होतं.

आता गूगलच्या जागी तुम्ही

हे सगळं जमलं की घरात एक बदल होतो. आईच्या फोनमधले फोटो, बाबांची कागदपत्रं, ताईचे व्हिडीओ तुमच्या डिस्कवर येतात. अॅडमिन म्हणून तुम्हाला ते उघडताही येतात. आतापर्यंत आपण कंपन्यांना विचारत होतो, आमचा डेटा कोण बघतं? आता तोच प्रश्न घरचे तुम्हाला विचारू शकतात. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, काय ठेवायचं आणि काय नाही हे ज्याचं त्याला ठरवू द्या आणि दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये डोकावू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही कायम घरी नसणार. उद्या नोकरीसाठी बंगळुरूला किंवा शिकायला परदेशी जाल. तेव्हा महिन्यातून एकदा अपडेट कोण करणार? डिस्क खराब झाली तर आईला काय कळणार? हा वेळ देणं जमणार नसेल, तर सर्व्हरच्या फंदात न पडता दोन पोर्टेबल डिस्क घेऊन दोन घरांत ठेवणं जास्त शहाणपणाचं. त्यात कमीपणा काहीच नाही.

पण जमणार असेल, तर जरूर करा. नेटवर्क, लिनक्स, सिक्युरिटी या विषयांचं जे पुस्तकात वाचतो, ते इथे हाताखालून जातं. शिवाय चुकलं तर परिणाम खरे असतात, म्हणून ते लक्षातही राहतं. फक्त शेवटचं काम कॉम्प्युटरवर करायचं नाही. एका कागदावर स्वच्छ मराठीत लिहा. सर्व्हर कुठे आहे, बंद-चालू कसा करायचा, फोटो कुठल्या डिस्कवर आहेत, दुसरी प्रत कोणाकडे आहे, पासवर्ड काय. तो कागद घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावा, रेशनकार्डाच्या शेजारी. मग घरातल्या एखाद्याला तुमच्या मदतीशिवाय, नुसता तो कागद वाचून एक फोटो शोधायला सांगा. तो सापडला, तर तुमचा सर्व्हर तयार झाला असं समजा.